फायरफ्लाय आणि सेरेनिटी : मालिका बंद पडते, सिनेमा निघतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

‘सेरेनिटी’ हा सिनेमा आधी बघून मग ‘फायरफ्लाय’ या मालिकेकडे वळलेली मंडळी भेटली की त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. तो पिकल्या केसांचा धर्मोपदेशक कोण? सरकारच्या आतल्या गोष्टी त्याला कशा ठाऊक? कप्तान आणि ती देखणी बाई सतत एकमेकांवर चिडलेली का असतात? मालिका आधी बघितलेल्यांची तक्रार याहून वेगळी. त्यांना सिनेमा आवडलेला असतो, पण काहीतरी निसटल्यासारखं वाटत राहतं आणि काय निसटलं ते धड सांगता येत नाही. हा लेख दोघांसाठी आहे. पुढे दोन्हींचा शेवट उघड होणार आहे, म्हणून ज्यांना कोऱ्या मनाने बघायचं आहे त्यांनी आधी बघून घ्यावं, लेख कुठे पळून जात नाही.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. फायरफ्लाय हा अवकाशयानाचा एक प्रकार. कथेतलं यान त्या प्रकारचं, आणि त्याचं नाव सेरेनिटी. कप्तानाने ते नाव ठेवलं सेरेनिटी व्हॅली या दरीतल्या लढाईवरून, जी लढाई तो हरला. मालिकेच्या पहिल्या, दुप्पट लांबीच्या भागाचं नावही ‘सेरेनिटी’ आणि २००५ च्या सिनेमाचंही ‘सेरेनिटी’. इथे मी सेरेनिटी म्हटलं की सिनेमा समजा. यानाला यानच म्हणेन.

मालिका जॉस व्हेडन यांची, फॉक्स वाहिनीसाठी २००२ साली केलेली. काळ इसवी सन २५१७ चा. पृथ्वी माणसांना पुरेनाशी झाल्यावर लोक दुसऱ्या सूर्यमालेत गेले, तिथले ग्रह आणि चंद्र राहण्याजोगे करून वसले. मधल्या ग्रहांवर पैसा, दवाखाने, चकचकीत शहरं. कडेच्या ग्रहांवर धूळ, घोडे, बंदुका आणि औषधांचा तुटवडा. मधल्या ग्रहांच्या सत्तेचं नाव अलायन्स. कडेच्या ग्रहांनी त्या सत्तेखाली यायला नकार दिला, युद्ध झालं आणि ते हरले. हरलेल्या सैन्याच्या तपकिरी कोटांवरून त्यांना ब्राउनकोट म्हणतात. मालिका सुरू होते त्या पराभवानंतर सहा वर्षांनी. माल्कम रेनॉल्ड्स ऊर्फ मॅल हा त्या सैन्यातला सार्जंट आता एका जुन्या मालवाहू यानाचा कप्तान आहे. सोबत युद्धातली साथीदार झोई, तिचा नवरा आणि यानचालक वॉश, यंत्र हाताळणारी केली, भाडोत्री बंदूकबाज जेन, प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या देहव्यवसायातली इनारा आणि धर्मोपदेशक बुक. शिवाय सायमन हा तरुण डॉक्टर आणि त्याची धाकटी बहीण रिव्हर. अलायन्सच्या एका गुप्त संस्थेने रिव्हरच्या मेंदूशी खेळ केलेला आहे आणि तिला सोडवून पळवल्याबद्दल दोघं भावंडं फरार आहेत. मिळेल ते काम घ्यायचं, तस्करी करायची, अधूनमधून चोरी करायची आणि इंधनापुरते पैसे जमवायचे, असा या नऊ जणांचा संसार.

हे जग विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानीपण गेलं, आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारावर दरवर्षी विधिमंडळाचं एक हिवाळी अधिवेशन इकडे भरायला लागलं. निर्णय दूर कुठेतरी होतात, चांगल्या हेतूने होतात असं आपल्याला सांगितलं जातं, आणि त्यांचा हिशेब मात्र इथल्या माणसाला द्यावा लागतो, ही भावना इथल्या घराघरात जेवताना बोलली जाते. इथे युद्ध झालं नाही आणि इथले प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे ही तुलना मी याच्यापुढे ताणणार नाही. पण कडेच्या ग्रहावरची बाई औषधाचं खोकं हातात घेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते इथल्या प्रेक्षकाला फोड करून सांगावं लागत नाही.

अमेरिकन प्रेक्षकाला यात त्यांचं यादवी युद्ध दिसतं आणि ते बरोबरच आहे. गेटिसबर्गच्या लढाईवरची एक कादंबरी वाचून, हरलेल्या बाजूच्या माणसांचं पुढे काय होत असेल हा विचार मनात आला, असं व्हेडन यांनी सांगितलेलं आहे. तिथल्या हरलेल्या बाजूला गुलामगिरी टिकवायची होती, हा मुद्दा मालिकेने बाजूला काढला आणि फक्त पराभव ठेवला. तसं करणं सोयीचं होतं, आणि त्यावर झालेली टीका मला पटते. दुसरी टीकाही पटते. या भविष्यात अमेरिका आणि चीन यांच्या संस्कृती एकमेकींत मिसळलेल्या आहेत, सगळी पात्रं चिडली की चिनीत शिव्या देतात, पण यानावरच्या नऊ जणांत चिनी वंशाचं कोणीही नाही. सिनेमानेही ते दुरुस्त केलं नाही.

आता मालिका बंद का पडली ते. सिनेमा असा का झाला याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

अमेरिकेतल्या खासगी वाहिनीचं पोट जाहिरातींवर चालतं. जाहिरातीचा दर ठरतो किती लोकांनी बघितलं यावर. फायरफ्लायला शुक्रवारची रात्र मिळाली, म्हणजे ज्या तरुण प्रेक्षकासाठी ती होती तो घराबाहेर असण्याची वेळ. त्यातच वाहिनीला पहिला भाग संथ वाटला. पात्रांची ओळख करून देणारा, युद्धापासून सुरू होणारा तो भाग मागे ठेवून २० सप्टेंबर २००२ ला ‘द ट्रेन जॉब’ हा रेल्वेतल्या चोरीचा भाग आधी दाखवला. पुढचे भागही ठरलेल्या क्रमाने दाखवले नाहीत. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११ प्रसारित झाले. सरासरी प्रेक्षक सुमारे ४७ लाख, जे त्या काळच्या अमेरिकन वाहिनीसाठी कमी होते. मालिका बंद करायचा निर्णय झाला आणि खरा पहिला भाग प्रसारित झाला तो २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी.

क्रम बदलल्याने एवढं काय बिघडतं, असं कोणी विचारलं तर मी कॉम्प्रेशन कॉइलची गोष्ट सांगते. पहिल्या भागात केली कप्तानाला म्हणते की इंजिनाला नवी कॉम्प्रेशन कॉइल मिळाली तर बरं होईल. मॅल ते थट्टेवारी नेतो. पैसे नाहीत हे दोघांनाही ठाऊक आहे. प्रसंग काही सेकंदांचा, बघणारा तो विसरूनही जातो. मग ठरलेल्या क्रमातल्या आठव्या भागात, ‘आउट ऑफ गॅस’मध्ये, नेमका त्याच कॉइलचा एक सुटा भाग जातो. सायमनच्या वाढदिवसाचा केक टेबलावर आहे, सगळे हसताहेत, तेवढ्यात स्फोट होतो आणि झोई जबर जखमी होते. इंजिन बंद, श्वासाची हवा काही तासांची. पहिल्या भागात हसण्यावारी गेलेली ती गरज आता माणसांच्या जिवावर उठलेली असते. गरिबीत दुरुस्ती पुढे ढकलण्याची किंमत काय असते, हे याहून नेमकं मी पडद्यावर क्वचितच बघितलं आहे. २००२ च्या प्रेक्षकाला मात्र ‘आउट ऑफ गॅस’ ऑक्टोबरमध्ये दिसला आणि केलीची ती मागणी डिसेंबरमध्ये. म्हणजे परिणाम आधी दिसला आणि कारण दोन महिन्यांनी.

त्याच भागात आणखी एक गोष्ट आहे, जी मालिकेलाच जमते. कथा तीन काळांत एकदम चालते. आत्ता : मॅल एकटा, पोटात गोळी, सुटा भाग हातात घेऊन इंजिनाकडे सरपटतोय. काही तासांपूर्वी : स्फोट आणि बाकीच्यांना छोट्या यानांतून पाठवून देणं. आणि कित्येक वर्षांपूर्वी : हे यान आणि ही माणसं त्याला एकेक करून कशी मिळाली ते. वॉशला तेव्हा मिशी होती. केली यानावर आली ती तेव्हाच्या मेकॅनिकची मैत्रीण म्हणून आणि इंजिनातली चूक तिनेच दाखवून दिली. शेवटच्या दृश्यात जुन्या यानांच्या बाजारात विक्रेता एका चांगल्या यानाचं तोंड भरून कौतुक करतोय आणि तरुण मॅलची नजर भलतीकडेच, कोपऱ्यात पडलेल्या एका भंगाराकडे गेली आहे. या प्रसंगाने कथानक पुढे सरकत नाही, कोणता शत्रू हरत नाही, कोणतं गुपित फुटत नाही. फक्त पुढे यानाला काही झालं की आपला जीव वरखाली होतो, कारण त्या माणसाने ते का निवडलं हे आपण बघितलेलं असतं.

मालिका बंद पडल्यावर तिचा डीव्हीडी संच डिसेंबर २००३ मध्ये आला, न दाखवलेल्या तीन भागांसह आणि योग्य क्रमाने. तो जोरात खपला. आधीपासून चळवळ करणाऱ्या चाहत्यांची संख्या वाढली आणि युनिव्हर्सल या दुसऱ्याच कंपनीने सिनेमाला पैसे दिले. बंद पडलेल्या मालिकेवर, तेच नऊ कलाकार घेऊन, मोठ्या पडद्यासाठी सिनेमा निघणं हे तेव्हा फारच दुर्मीळ होतं. सप्टेंबर २००५ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर, जगभरातला गल्ला त्याच्या किंचित वर. ऐकायला बरोबरी वाटते, पण तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृहं ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच असतो, त्यामुळे चित्रपटगृहांतून निर्मात्यांच्या हाती नफा लागला नाही. २००६ चं ह्यूगो पारितोषिक मात्र सिनेमाला मिळालं आणि विज्ञानकथेच्या क्षेत्रात त्याचं मोल मोठं आहे.

आता मुख्य मुद्दा. मालिकेचे सगळे भाग मिळून साधारण अकरा तास होतात. सिनेमा दोन तासांचा. पण फरक नुसता लांबीचा असता तर सिनेमा म्हणजे मालिकेचा एक लांब भाग झाला असता, आणि तो तसा नाही. माझ्या मते फरक आहे तो न कळण्याचं काय करायचं यात. मालिका जगाबद्दलचे मोठे प्रश्न झाकलेले ठेवते आणि माणसं उघडी करते. सिनेमा एक मोठा प्रश्न उघडा करतो आणि त्यासाठी माणसांना झाकतो. दोन्हींना तसं करणं भाग आहे.

मालिकेला दर आठवड्याला प्रेक्षकाला परत बोलवायचं असतं. सगळं कळलं तर तो येणार नाही, आणि माणसांचा लळा लागला नाही तरी येणार नाही. म्हणून रिव्हरवर नेमकं काय केलं, रीव्हर नावाचे ते क्रूर टोळीवाले कुठून आले, बुक धर्मोपदेशक होण्याआधी कोण होता, हे सगळं थोडंथोडं सूचित करून ठेवलं जातं. (रिव्हर ही मुलगी आणि रीव्हर हे टोळीवाले, उच्चारात इतके जवळचे आहेत की इथून पुढे मी टोळीवाल्यांना नरभक्षकच म्हणेन. ते खरंच माणसं खातात.) सिनेमाच्या प्रेक्षकातले निम्मे लोक मालिका न बघता आलेले असणार. त्यांना दोन तासांत आत घ्यायचं, गुंतवायचं आणि समाधानाने बाहेर पाठवायचं. त्यासाठी एक ठळक प्रश्न लागतो आणि त्याचं पूर्ण उत्तर लागतं.

सिनेमाची सुरुवात या दृष्टीने बघण्यासारखी आहे. शाळेचा वर्ग, बाई मुलांना इतिहास शिकवताहेत : आपण इथे कसे आलो, युद्ध का झालं. बाई विचारतात, आम्ही एवढी सुधारणा आणतोय तर कडेचे लोक विरोध का करतात? लहानगी रिव्हर उत्तर देते, आपण त्यांच्यात ढवळाढवळ करतो म्हणून. काय करायचं, कसा विचार करायचा, हे आपण त्यांना सांगतो म्हणून. तेवढ्यात कळतं की वर्ग हे तिचं स्वप्न आहे, ती प्रयोगशाळेत खुर्चीला जखडलेली आहे. मग सायमन येऊन तिला सोडवतो. मग चित्र थांबतं आणि कळतं की ही सुटकासुद्धा एक चित्रण आहे आणि ते बघत एक शांत माणूस उभा आहे, तो तिला शोधायला निघालाय. एकातून एक उघडत जाणाऱ्या या काही मिनिटांत मालिकेने तासन्‌तास घेऊन उभं केलेलं जग, फरार भावंडं आणि खलनायक, सगळं मांडून होतं. लगेच पुढे कॅमेरा यानात शिरतो आणि मॅलच्या मागोमाग, कट जाणवू न देता, यानाच्या टोकापासून टोकापर्यंत फिरत एकेका पात्राशी आपली गाठ घालून देतो. नवख्या प्रेक्षकासाठी ही ओळख आहे. जुन्यासाठी मात्र ते तीन वर्षांनी आपल्या घरात परत पाऊल टाकणं आहे. दोन वेगळ्या प्रेक्षकांना एकाच दृश्यातून दोन वेगळ्या गोष्टी देणं ही लेखनाची ताकद आहे आणि त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते.

या वेगाची किंमत लगेच दिसते. मालिकेत सायमन सांगतो की त्याने आपली सगळी संपत्ती एका गुप्त गटाला दिली आणि त्या लोकांनी रिव्हरला बाहेर काढून त्याच्या हवाली केलं. सिनेमात तो स्वतः वेष बदलून प्रयोगशाळेत शिरतो. दोन्ही जुळवायला चाहत्यांनी बरीच बुद्धी खर्च केली आहे. मला ती गरज वाटत नाही. मालिकेतला सायमन हा घाबरट, पुस्तकी मुलगा हळूहळू धीट होताना आपण बघतो, म्हणून तिथे दुसऱ्यांनी सुटका करणं योग्य. सिनेमाला पहिल्या पाच मिनिटांत या भावाचं बहिणीवरचं प्रेम डोळ्यांना दाखवायचं आहे, आणि पैसे मोजणारा भाऊ पडद्यावर दिसत नाही, हात धरून पळणारा भाऊ दिसतो.

नरभक्षकांचं उत्तर हा सिनेमाचा गाभा. मालिकेत ते कोण याबद्दल लोकांत दंतकथा आहेत : अवकाशाच्या कडेपर्यंत गेलेली माणसं, तिथली पोकळी बघून वेडी झालेली. ‘बुशव्हॅक्ड’ या भागात ते प्रत्यक्ष दिसतही नाहीत, दिसतो तो त्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक वसाहतवाला, जो नुसतं बघून त्यांच्यासारखा होऊन जातो. सिनेमात कळतं की मिरांडा नावाच्या ग्रहावर अलायन्सने हवेत पॅक्स नावाचं रसायन सोडलं. हेतू चांगला : माणसातली आक्रमकता कमी व्हावी, भांडणं थांबावीत. ते फारच चाललं. लोकांनी भांडणं सोडली, मग काम सोडलं, बोलणं सोडलं, खाणं सोडलं आणि बसल्या जागी मरून गेले. तीन कोटी माणसं. हजारात एखाद्यावर उलटा परिणाम झाला, आक्रमकता बेफाम वाढली. हजारात एक म्हणजे तीन कोटींत तीस हजार. तेच हे नरभक्षक. अलायन्सने तो ग्रह नकाशातून पुसला, आणि ते गुपित जाणणाऱ्या अधिकाऱ्यांना मन वाचणाऱ्या रिव्हरसमोर आणून उभं केलं. ती इतकी मोडलेली का आहे आणि तिला पकडायची एवढी घाई का आहे, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं.

रचना म्हणून हे अतिशय पक्कं आहे. शाळेतल्या रिव्हरने जे म्हटलं तेच शेवटी सिद्ध होतं. पण काय गेलं तेही बघा. दंतकथेतली भीती अशी होती की पुरेसं एकटं पडलं तर माणूस, कोणताही माणूस, मी किंवा तुम्ही, तसा होऊ शकतो. सिनेमाने त्याचं कारण रसायनात शोधलं, सरकारवर ठेवलं, आणि भीती बाहेरची झाली. ‘बुशव्हॅक्ड’मधला तो वाचलेला माणूस मिरांडाचा नव्हता, त्याने ती हवा कधी घेतली नव्हती. त्याच्याबद्दल सिनेमाकडे उत्तर नाही. मला विचाराल तर मालिकेतली भीती जास्त खोल आहे आणि सिनेमातला संताप जास्त नेमका.

खलनायकाच्या बाबतीत मात्र सिनेमा सरळसरळ पुढे जातो. मालिकेत निळे हातमोजे घातलेली दोन माणसं रिव्हरच्या मागे असतात. भीतिदायक आहेत, पण आत काय आहे ते कळत नाही, आणि कळायच्या आत मालिका संपली. सिनेमातला तो शांत माणूस, ज्याला नाव नाही, हुद्दा नाही, ज्याला फक्त ‘ऑपरेटिव्ह’ म्हणतात, तो चिवेटेल एजिओफोर यांनी केला आहे. तो निष्पाप लोकांना मारतो, मुलांनाही, आणि त्याला ते वाईट आहे हे ठाऊक आहे. आपण उभारतोय त्या चांगल्या जगात आपल्यासारख्याला जागा नसेल, हेही तो स्वतः सांगतो. पॅक्स हवेत सोडणाऱ्यांची श्रद्धा आणि याची श्रद्धा एकच. म्हणून शेवटी मॅल त्याला मारत नाही, त्याला मिरांडाचं चित्रण बघायला लावतो. दोन तासांच्या कथेला एकच प्रतिस्पर्धी द्यायचा तर तो असा असावा.

तांत्रिक बाजू पटकन सांगते. मालिकेत कॅमेरा बराचसा हातात धरलेला, हलणारा. संगणकावर केलेल्या अवकाशातल्या दृश्यांतही तो यानाला शोधत, उशिरा फोकस करत फिरतो, जणू खरंच कोणी तिथे उभं राहून चित्रण करतंय. अवकाशात आवाज नाही, स्फोटालाही नाही, कारण हवाच नाही. संगीत ग्रेग एडमन्सन यांचं, त्यात गिटार आणि फिडल, गावाकडचा सूर. सिनेमाला डेव्हिड न्यूमन यांचा मोठा वाद्यवृंद आहे. तो वाईट नाही, पण चुलीजवळ बसल्यासारखी ती ऊब त्यात नाही.

आता बुक आणि वॉश. इथे माझी भाची आठवते. मे महिन्यातली दुपार, घरात कूलर घरघरतोय, बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून आम्ही सिनेमा लावला. तिने मालिका बघितलेली नव्हती. वॉश अशक्य वाटणाऱ्या संकटातून यान खाली उतरवतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात, आणि त्याच क्षणी काचेतून एक भला मोठा भाला येऊन त्याला खुर्चीत खिळवतो. तो धड शेवटचं वाक्यही बोलत नाही. भाची ताडकन उठून बसली. ‘‘मावशी, काहून मारलं गं त्याला? काही कारणच नव्हतं!’’ मी तिला म्हटलं, तेच कारण आहे. त्या क्षणापर्यंत प्रेक्षकाची खात्री असते की मुख्य माणसं वाचणार. वॉश गेला की ती खात्री जाते, आणि पुढच्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या जिवाची धास्ती खरी होते. सिनेमाच्या गणितात हा मृत्यू चोख बसतो.

पण तिला धक्का बसला आणि मला दुःख झालं होतं, या दोन गोष्टी एक नाहीत. माझ्यासाठी तो मृत्यू म्हणजे यानाच्या दर्शनी फळीवर प्लॅस्टिकचे डायनासोर मांडून त्यांचे संवाद म्हणणारा माणूस जाणं होतं. बायकोच्या युद्धातल्या जुन्या मित्राचा, म्हणजे मॅलचा, मत्सर करणारा, ‘वॉर स्टोरीज’ या भागात त्याच मित्राच्या शेजारी छळ सोसणारा नवरा जाणं होतं. सिनेमा हे काहीच दाखवत नाही, दाखवू शकत नाही. तो मालिकेने साठवलेलं प्रेम खर्च करतो. झोईला नवऱ्यासाठी रडायलाही जागा मिळत नाही, लढाई समोर उभी आहे. मालिकेत त्या शोकाला दोन-तीन भाग मिळाले असते.

बुकच्या बाबतीत मी सिनेमावर नाराज आहे. मालिकेत तो जखमी होतो तेव्हा त्याचं ओळखपत्र बघताच अलायन्सचे अधिकारी विनाप्रश्न उपचार करतात, आणि आपण कान टवकारतो. सिनेमात तो यान सोडून एका वस्तीवर राहायला गेलेला आहे, मॅलला दोनदा भेटतो, कशावर तरी श्रद्धा ठेव एवढं सांगतो आणि मारला जातो. त्याचं भूतकाळाचं दार बंदच राहतं. इनाराही तशीच कथेच्या कडेला सरकते. सायमन आणि केली यांचं कित्येक भाग अडखळत चाललेलं प्रेम एका वाक्यात मार्गी लागतं. नऊ माणसं आणि दोन तास, कोणाच्या तरी वाट्याला हे येणारच होतं. सिनेमाने रिव्हर आणि मॅल निवडले. मॅलचीही धार वाढवली : मालिकेतला मॅल चिडका पण माणसं जपणारा, सिनेमाच्या सुरुवातीचा मॅल नरभक्षकांच्या तावडीतल्या माणसाला यानावर घेत नाही. कारण सिनेमाला त्याला कुठूनतरी कुठेतरी न्यायचं आहे. कशावरच विश्वास न उरलेला माणूस शेवटी एका सत्यासाठी सगळं पणाला लावतो, हा प्रवास दिसायचा तर सुरुवात तेवढी खाली हवी.

म्हणून बघण्याचा क्रम : आधी मालिका, मग सिनेमा, आणि मालिकासुद्धा मूळ क्रमाने. पूर्ण अकरा तास जमणार नसतील तर सिनेमाआधी निदान पहिला ‘सेरेनिटी’ भाग, ‘बुशव्हॅक्ड’, ‘आउट ऑफ गॅस’, ‘वॉर स्टोरीज’ आणि शेवटचा ‘ऑब्जेक्ट्स इन स्पेस’ एवढे तरी बघा. शेवटच्या भागात रिव्हरला जग कसं दिसतं ते पहिल्यांदा आतून कळतं आणि सिनेमातली रिव्हर समजायला ते फार उपयोगी पडतं. भागांची यादी उघडल्यावर पहिलं नाव ‘द ट्रेन जॉब’ दिसलं, तर ती २००२ च्या प्रसारणाच्या क्रमाने लावलेली आहे असं समजा. यादीत खाली जाऊन दीड तासाचा भाग शोधा आणि तिथून सुरू करा.